डेबियनमधून निवृत्त झालो होतो, आता परत जायचंय. वाट कुठून?

पर्वतीकर

नमस्कार मंडळी.

गेल्या जूनमध्ये नोकरीतून निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ सगळं रीतसर मिळालं. धागा मात्र माझ्या आधीच्या निवृत्तीबद्दल आहे. २०१२ साली मी डेबियनमधून निवृत्त झालो, तेव्हा नारळसुद्धा मिळाला नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. डेबियन ही लिनक्सवरची मुक्त प्रणाली, इयान मर्डॉकने १६ ऑगस्ट १९९३ला जाहीर केलेली. उबंटू तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. डेबियनला मालक कंपनी नाही, कारभार स्वयंसेवकांचा. त्यातल्या डेव्हलपरांना थेट पॅकेज, म्हणजे बसवायला तयार बांधलेलं सॉफ्टवेअर, चढवता येतं आणि दरवर्षी प्रकल्पप्रमुखाच्या निवडणुकीत मत देता येतं. २००४ ते २०१२ मी त्यांतला एक होतो. माझ्याकडे तीन पॅकेजं होती, त्यातलं एक देवनागरी फाँटांचं.

मग मुलीची दहावी, आईचं आजारपण, आणि ऑफिसातून घरी यायला रोज साडेनऊ. रात्री अकरानंतर बग वाचायला बसायचो आणि कीबोर्डवरच पेंगायचो. शेवटी तिन्ही पॅकेजं 'अनाथ', म्हणजे सांभाळणारा नसलेली, म्हणून जाहीर केली, सहीनिशी मेल पाठवली, आणि यादीत नावापुढे 'एमेरिटस', म्हणजे सन्मानाने निवृत्त, लागलं.

आता वेळच वेळ आहे. सकाळी पर्वती चढून आलो की दहापासून रिकामा. बायको म्हणते, डबे घासा नाहीतर तुमचं ते काय होतं ते परत सुरू करा.

डेव्हलपरांच्या मार्गदर्शिकेत पाहिलं. रीतसर निरोप घेऊन गेलेल्याचं खातं 'एमेरिटस' राहतं आणि त्याला छोट्या प्रक्रियेतून परत घेतात. न सांगता गायब झालेल्याचं खातं 'रिमूव्हड', त्याने नव्या सदस्यासारखं पहिल्यापासून सगळं करायचं. मी पहिल्या गटातला, हे एक बरं. तरी धाकधूक आहे. माझी जीपीजी किल्ली, म्हणजे ओळख पटवणारी आणि सही करणारी डिजिटल किल्ली, एका सीडीवर, आणि ती सीडी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. तेरा वर्षांत पॅकेजिंगचं काय काय बदललं, कल्पना नाही. आणि साठी उलटल्यावर पोरांसमोर परीक्षा द्यायची म्हणजे…

कोणी गेलंय का या वाटेने?

नागपुरी_तर्री

काका, मी तुमच्या त्या दुसऱ्या गटातला. रिमूव्हड.

२००९ला बाळ झालं, नोकरी बदलली, नागपूरहून हैदराबाद. डेबियनमध्ये गायब लोकांना शोधणारा एक चमू आहे, त्यांच्या मेल आल्या. तीन आल्या. तिन्ही मी 'नंतर वाचू' फोल्डरमध्ये टाकल्या, आणि त्या फोल्डरात 'नंतर' कधी येत नाही हे तुम्हालाही माहीत आहे. माझ्या दोन पॅकेजांवर बग साठत गेले, शेवटी दुसऱ्याच कोणीतरी दुरुस्त करून चढवलं. तुम्ही यजमानीणबाईंना सांगून निघालेले पाहुणे. मी उष्टं ताट तसंच टाकून उठलेला.

परत आलो तेव्हा पूर्ण प्रक्रिया करावी लागली. आधी अर्ज, मग शिफारस करणारा एक डेव्हलपर, ओळखपडताळणी, सामाजिक करार आणि यंत्रवापराचे नियम मान्य असल्याची सही. मग प्रश्नोत्तरांचे दोन भाग. एक तत्त्वज्ञान आणि कार्यपद्धतीचा, दुसरा हातातल्या कामाचा. चौदा महिने लागले राजेहो. त्यातले नऊ माझ्या आळसाचे.

पण एक सांगतो. अर्ज पहिल्या दिवशी टाकू नका. मी आधी एक अनाथ पॅकेज उचललं, दुरुस्त केलं, नवख्यांसाठीच्या मेंटॉर्सच्या साइटवर ठेवलं आणि प्रायोजक मागितला. मला चढवायचा हक्क नाही, तर ज्याला आहे तो तपासून चढवतो. असं चारपाच वेळा झालं की तोच माणूस म्हणतो, अरे तू अर्ज का नाही करत? मधली पायरीपण आहे, डेबियन मेंटेनर, २००७च्या ठरावाने आलेली. त्यात ठरावीक पॅकेजंच चढवता येतात. पुष्कळ जण तिथेच खूश असतात.

शुभा_ठाणे

तुम्ही दोघं पॅकेजवालेच बोलताय म्हणून मध्ये तोंड घालते.

मी इन्स्टॉलरच्या मराठी भाषांतरात होते. डेबियनच्या लेनी आवृत्तीच्या वेळी, म्हणजे २००९ला, मराठी त्यात आली. आपली लिपी साध्या मजकुराच्या पडद्यावर उमटत नाही, त्यामुळे मराठी फक्त ग्राफिकल इन्स्टॉलरमध्येच निवडता येते. हे लोकांना समजावून सांगण्यातच आमचं निम्मं आयुष्य गेलं. मग मीही थांबले.

परत येताना मला कोणी किल्लीही विचारली नाही, परीक्षाही नाही. भाषांतराची पीओ फाइल बग म्हणून पाठवायची, बस. डेव्हलपर असायची गरजच नाही. मूळ इंग्रजी वाक्य बदललं की आपलं जुनं भाषांतर 'फजी', म्हणजे पुन्हा तपासायचं, होऊन बसतं. मी एका संध्याकाळी सत्तावीस फजी वाक्यं सरळ केली. माझाच जुना मसुदा वाचून हसू आलं. डिस्क जोडण्याला मी चक्क 'आरोहित करणे' लिहिलं होतं! घोड्यावर बसवतोय की काय डिस्कला. आता 'जोडा' केलं.

हो, आणि पॅकेज न करणाऱ्यांनाही डेव्हलपर होता येतं, २०१०च्या ठरावापासून. चढवायचा हक्क नसतो, मताचा असतो. भाषांतर, दस्तऐवज, संमेलनाची व्यवस्था, यातून आलेले लोक आहेत त्यात. पर्वतीकर काका, फाँटच करायचे असतील तर ठीक. पण परतायला एकच दार आहे असं समजू नका.

पर्वतीकर

शुभाताई, 'आरोहित' वाचून मीही हसलो, कारण माझ्याकडच्या जुन्या वहीत तोच शब्द आहे. आपण तेव्हा कुठल्यातरी एकाच शब्दकोशातून उचलत असणार.

आज बिस्किटांचा डबा उघडला. सीडी वाचली गेली, हे आश्चर्य. पासफ्रेजही आठवली. ती आठवण्यासाठी मला आमच्या जुन्या वाड्यातला जिना डोळ्यांपुढे आणावा लागला, यापेक्षा जास्त सांगत नाही. जीपीजीने किल्ली उघडली. १०२४ बिटांची डीएसए आहे. मुदत संपलेली नाही, कारण तेव्हा मी मुदत घातलीच नव्हती. म्हणजे झालं ना काम?

मिनियापोलिसकर

नाही झालं, काका. १०२४ बिटांच्या किल्ल्या डेबियनने १ जानेवारी २०१५ला कीरिंगमधून, म्हणजे मान्य किल्ल्यांच्या जुडग्यातून, काढून टाकल्या. आकारच अपुरा ठरला. त्याच्या आधी वर्षभर सगळ्यांना सांगत होते, नवी करा, सह्या घ्या. माझीही त्यात गेली. मी डेव्हलपर होतो, मेल वाचत होतो, तरी शेवटच्या आठवड्यापर्यंत टंगळमंगळ केली.

तुम्ही नवी बनवा, ४०९६ बिटांची आरएसए. ती तुमचीच असल्याच्या निदान दोन विद्यमान डेव्हलपरांच्या सह्या तिच्यावर लागतील. जुन्या किल्लीने नवीवर सही करा जरूर, पण तेवढ्याने भागत नाही. आणि या वेळी मुदत घाला, दोन वर्षांची. गुप्त भाग हातात असला की मुदत केव्हाही पुढे ढकलता येते. रद्द करण्याचं प्रमाणपत्र आजच कागदावर छापा आणि रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवा. डब्यात नको, डबा कोणीतरी भंगारात देईल.

सह्या आधीच गोळा करायला २०२३चा सप्टेंबर उत्तम होता. कोचीला डेबकॉन्फ, म्हणजे डेबियनचं वार्षिक संमेलन, होतं, जगभरचे डेव्हलपर एका आवारात. आता भेटीगाठी ठरवाव्या लागतील. भेट जमतच नसेल, तर तुमच्याबरोबर काम करणारे डेव्हलपर त्या किल्लीची ग्वाही देऊ शकतात, अशीही सोय आहे. पण तुम्ही पुण्यात आहात. चहाच्या एका कपात काम होईल.

ता. क. सगळीकडे मुद्दाम 'किल्ली' लिहितोय. 'की' लिहिलं की अर्ध्या वाक्यांत ती किल्ली आहे की 'की' आहे हेच कळत नाही.

जुना_सेवक

सगळं वाचतोय. माझं मत वेगळं आहे, स्पष्ट लिहितो.

आठ वर्षं फुकट राबलेल्या माणसाला परत प्रश्नपत्रिका? मी एका दुसऱ्या प्रकल्पात होतो, नाव घेत नाही. सहा वर्षांनी परत गेलो तर माझ्या मुलापेक्षा लहान मुलाने मला बदलाचा संदेश कसा लिहावा यावर परिच्छेद पाठवला. ज्या फाइलीबद्दल तो बोलत होता तिच्या डोक्यावर लेखक म्हणून माझं नाव आहे! मी दुसऱ्या दिवशी खातं बंद केलं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्या अपाची फाउंडेशनचं बघा, तिथे म्हणतात एकदा कमावलेली पात्रता संपत नाही. परत यायचं असलं की कळवा, या. माणसाचा मान ठेवण्याची ती रीत.

मिनियापोलिसकर

सेवककाका, तो परिच्छेद मलाही झोंबला असता.

पण २०२४चा मार्च आठवा. एक्सझेड नावाची, फाइली आकसवून लहान करणारी (कॉम्प्रेशनची) छोटी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. मूळ सांभाळणारा एकटा, थकलेला. 'जिया टान' नावाने कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ नम्रपणे, नेमाने पॅच पाठवत राहिला, विश्वास कमावला, सांभाळणारा झाला. मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा घातला. तो डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग या कच्च्या शाखांपर्यंत पोचला. पक्की शाखा, स्टेबल, वाचली. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएचने (दूरच्या यंत्रात शिरायच्या सोयीने) लॉग-इन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्याने खोदलं, म्हणून सापडलं. अर्धा सेकंद!

आता विचार करा, तेरा वर्षांनी कोणीतरी मेल करतो, 'मी तुमचा जुना पर्वतीकर, ही माझी नवी किल्ली.' मेल पाठवणारा पर्वतीकरच आहे हे कोणी कसं ओळखावं? काकांच्या सीडीवर उद्या भंगारवाल्याचा हात पडला तर? हे प्रश्न काकांची लायकी मोजायला नसतात. माणूस तोच आहे का आणि हात अजून चालतो का, एवढंच बघतात. छोटी प्रक्रिया म्हणजे तेवढीच.

आणि पद्धती सगळीकडे वेगवेगळ्या. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीत निष्क्रिय माणसाचा कमिटचा, म्हणजे बदल थेट घालण्याचा, हक्क 'सुरक्षित ठेवायला' काढून घेतात. शब्दयोजना किती सुंदर, जणू बँकेत लॉकर. जेंटू या लिनक्स प्रणालीत निवृत्तीचं काम बघणाऱ्या चमूचं नाव अंडरटेकर्स, म्हणजे अंत्यविधीवाले! तिथून परतलेल्यांना भूत म्हणतात का, कल्पना नाही.

माडाखालचा

मडगावसून नमस्कार. परीक्षेची भीती घेऊ नकात काका. काय बदललं ते सांगतो, आठवेल तसं.

सगळ्यात सुखाचा बदल म्हणजे पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी नियमांची फाइल. तुमच्या काळी तिच्यात प्रत्येक पायरी हाताने लिहायचो, नव्वद-शंभर ओळी, आणि टॅबच्या जागी स्पेस पडली की तासभर शोध. आता तीन ओळी. पहिली मेकची, दुसरी टक्क्याचं चिन्ह आणि विसर्ग, तिसरी टॅब देऊन 'डीएच'. खरं तर हे २००८लाच आलं होतं, पण त्या वेळी आपण सगळे संशयाने बघत होतो.

तुमच्या जुन्या पॅकेजात डेबियनच्या धोरणाची आवृत्ती ३.९.३ असणार, आता ४.७ चालू आहे. मधल्या बदलांची यादी क्रमाने दिलेली असते, ती एकदा बसून वाचा. चहा जास्त करून ठेवा.

आपला कोड ठेवायची जुनी जागा, अलिऑथ, गेलं. २०१८पासून साल्सा, गिटलॅबवर चालणारं. परत यायला तिथलं खातं आधी काढा, नवसदस्यांच्या कचेरीला मेल त्यानंतर. बदलांची नोंद ठेवायला सबव्हर्जन विसरा, सगळं गिटमध्ये.

आपल्या यंत्रावर बांधलेली बायनरी (थेट चालणारी तयार फाइल) सोबत चढवायची सवय असेल तर ती मोडा. २०१९मध्ये बस्टर आवृत्ती आली, त्यानंतर तशी पॅकेजं टेस्टिंगमध्ये जातच नाहीत. फक्त स्रोत पाठवायचा, बांधणी त्यांच्या यंत्रांवर होते. शिवाय पॅकेजासोबत चाचण्या लिहायच्या. त्या आपोआप चालतात आणि नापास झालं की पॅकेज अडकतं.

यंत्र सुरू होताना बाकी सेवा उठवणारं सिस्टमडी २०१५च्या जेसी आवृत्तीपासून डीफॉल्ट म्हणून आलं. त्यावरून झालेली भांडणं तुमची हुकली. भाग्यवान आहात. कृपा करून आल्या आल्या त्यावर मत देऊ नका.

फाँटांसाठी आता वेगळा चमू आहे, एकट्याने पॅकेज सांभाळायची प्रथा तिथे मागे पडली. चमूत शिरा. मराठी जाणणारे हात त्यांना हवेच असतात.

पर्वतीकर

माडाखालचे, देव बरें करूं.

तुमचं ऐकून जुनं पॅकेज खाली उतरवलं आणि पॅकेजातल्या चुका शोधणाऱ्या लिंटियनसमोर ठेवलं. पडदाभर पिवळं-लाल आलं. म्हटलं, हे माझं प्रगतिपुस्तक. मग एकेक ओळ घेतली. नियमांची फाइल ८७ ओळींची होती, तीन उरल्या. खरं सांगायचं तर जरा वाईटही वाटलं. त्या ८७ ओळींत २००५च्या गणपतीतल्या चार रात्री होत्या.

तरी माझ्याजवळ अजून काहीतरी आहे हे फाँटांनी दाखवलं. त्या चमूच्या यादीत एक बग होता, मराठी मजकुरात 'र' बिघडतो म्हणून. तक्रार करणारा उत्तरेकडचा कोणी असावा, त्याने लिहिलं होतं की 'र्य' दोन प्रकारे दिसतं, एक चूक असणार. मी लिहिलं, दोन्ही बरोबर आहेत. 'आचार्य' मध्ये रफार वर जातो. 'दुसऱ्या' मध्ये मराठीला आडवा अर्धा र लागतो, पापणीसारखा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. एकाच वाक्यात दोन्ही आले तर फाँटाला फरक कळलाच पाहिजे. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की फाँटाने ती बदलायला हवीत, हेही चित्रं काढून पाठवलं. दोन तासांत चमूतल्या एकाचं उत्तर आलं: हे चाचणीत घालता येईल का?

घातलं. पंचवीस शब्दांची चाचणी. त्यांनीच प्रायोजक होऊन चढवलं. माझ्या नावाने डेबियनमध्ये तेरा वर्षांनी काहीतरी गेलं.

जुने सेवक, तुमचं म्हणणं मला कळतं. मलाही एकाने लिहिलं की बदलनोंदीत वाक्य असं नको, तसं हवं. वय विचारलं नाही, पण तिशीच्या आतलाच असणार. पहिल्यांदा कान तापले. मग २००४ आठवलं. तेव्हा जर्मनीतल्या एका पन्नाशीच्या डेव्हलपरला मी अगदी हेच सुनावलं होतं. त्याने फक्त 'दुरुस्त केलं, धन्यवाद' लिहिलं होतं. मी पण तेच लिहिलं.

जुना_सेवक

बरं. मी तो प्रकल्प उघडून बघितला. माझं नाव अजून त्या फाइलीच्या डोक्यावर आहे. तो मुलगा आता तिथे नाही, तोही थकला असेल. एक बग बघतोय. बाकी नंतर.

शुभा_ठाणे

सेवककाका 👏

पर्वतीकर

नवसदस्य कचेरीला मेल गेली. साल्साचं खातं झालं. नवी किल्लीही झाली. पहिली सही एका जुन्या मित्राची मिळाली, तो अजून डेव्हलपर आहे आणि गेल्या रविवारी पिंपरीहून आला. इथे एक गंमत. माझ्या पासपोर्टवर माझ्या नावाला चिकटून वडिलांचं नाव, मग आडनाव. किल्लीवर मी नुसतं नाव-आडनाव लिहिलं होतं. तो म्हणाला, 'तुला तीस वर्षं ओळखतो, पण पासपोर्टाशी जुळत नाही, तर सही कशी करू?' बरोबर आहे त्याचं. पासपोर्टाप्रमाणे ओळख जोडली आणि मग त्याने केली. मैत्री असली तरी त्याने कागद दोनदा वाचला, हे मला आवडलं.

दुसरी सही हवी आहे. पुणे परिसरात कोणी?

कोथरूडचा_पेंग्विन

मी आहे काका, पाच वर्षं झाली डेव्हलपर होऊन. कॉलेजात असताना तुमचं ते फाँटांचं पॅकेज वापरून मराठी पहिल्यांदा नीट दिसली होती, नाव वाचून ओळखलं.

रविवारी सकाळी दहा, कर्वे पुतळ्याजवळच्या अमृततुल्यात. पासपोर्ट आणा. किल्लीचा ठसा (फिंगरप्रिंट) कागदावर छापून आणा, चाळीस अक्षरं, चार-चारच्या दहा गटांत. मोबाइलचा पडदा दाखवू नका, मी मान्य करत नाही. तुम्ही वाचायचं, मी माझ्या कागदावर खुणा करणार, मग उलट.

पर्वतीकर

येतो. चष्मा दोन्ही आणतो. चहाचे पैसे मी देणार, त्यावर वाद नको.

नागपुरी_तर्री

काका, ठसा वाचताना 'बी' आणि 'डी' जोरात म्हणा. अमृततुल्यात स्टोव्हचा आवाज लई असतो. माझी एक सही त्यापायी पुन्हा करावी लागली होती.